‘टोटल दोनशेच्या आत’ म्हणजे नॉर्मल का?

पत्र: नमस्कार. आम्ही रामबागेत राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. यजमान ४३ वर्षांचे, सियागंजात किराण्याची होलसेल पेढी आहे. सासरे ५१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. रात्री छातीत दाटून आलं तेव्हा गॅस असेल म्हणून त्यांना सोडा दिला होता. गेल्या महिन्यात शेजारच्या पेढीवरचे पंचेचाळिशीचे गृहस्थ तसेच गेले, म्हणून मी हट्टाने यांची तपासणी करवली. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, तेव्हा यांचा चहा-टोस्ट झालेला होता. टोटल कोलेस्टेरॉल १९२, एलडीएल १११, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २३६, एचबीएवनसी ६.०. डॉक्टरांकडे बीपी १३८/८८ भरलं. पोट टेपने मोजलं तर ९९ सेंटिमीटर. हे म्हणतात, “टोटल दोनशेच्या आत आहे, दोन वर्षांपूर्वी टीएमटी निगेटिव्ह होती, आता कसली काळजी?” सिगारेट नाही, पण दिवसाला तंबाखूचे चार-पाच पाऊच होतात. जेवण रात्री साडेदहाला आणि शनिवारी सराफा (आमचा रात्रीचा खाऊबाजार) ठरलेला. मी घरात तूप बंद केलं तर सासूबाई रुसल्या. ऑलिव्ह ऑइल आणू का? १५ किलोचा तेलाचा डबा आम्हाला अडीच महिने जातो, ते जास्त आहे का? ८५ टेस्टचं पॅकेज करून घेऊ का? गोळी लागली तर जन्मभर घ्यावी लागेल का? माझं विशेष काही नाही. धाकट्याच्या वेळी शुगर निघाली होती, ती बाळंतपणानंतर गेली. – एक वाचक, इंदूर

ताई,

तुमच्या यजमानांचा रिपोर्ट नॉर्मल नाही. घाबरून जावं असाही नाही, पण ‘दोनशेच्या आत’ म्हणून फाइलला लावून टाकावा असा तर मुळीच नाही.

टोटल कोलेस्टेरॉल हा आकडा फसवा असतो, कारण त्यात नको असलेलं कोलेस्टेरॉल (एलडीएल वगैरे) आणि ‘चांगलं’ म्हणतात ते एचडीएल, दोन्ही एकत्र मोजलेलं असतं. तुमच्या यजमानांचं एचडीएल फक्त ३४ आहे. पुरुषांत ते ४०च्या खाली गेलं की कमी धरतात. म्हणजे त्यांची टोटल दोनशेच्या आत बसली ती एचडीएल घटल्यामुळे. यात आनंद मानण्यासारखं काय आहे? आता एक वजाबाकी करा: १९२ वजा ३४, म्हणजे १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून बसणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. हा आकडा साधारण माणसातही १३०च्या आत असावा, आणि ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी मर्यादा आणखी खाली जाते. बऱ्याच लॅब हा आकडा छापतात, पण खालच्या ओळीत, आणि तिथवर कोणी वाचत नाही.

चहा-टोस्टमुळे नॉन-एचडीएल फारसा हलत नाही, म्हणून हा १५८ खरा धरायला हरकत नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र खाण्याने चढतं. तरी एका टोस्टने २३६ होत नाही. खाऊन झाल्यावर घेतलेल्या रक्तातही ते १७५च्या आत असावं अशी अपेक्षा असते. पुढच्या वेळी दहा-बारा तास उपाशी ठेवून पुन्हा बघा आणि आदल्या रात्री सराफा नको.

एलडीएल १११ बघून यजमान म्हणतील, हे तरी ठीक आहे ना? बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर या हिशेबात एलडीएल आहे त्यापेक्षा बरं दिसतं. शिवाय अशा माणसांत एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात. सियागंजात बसणाऱ्याला हे पटकन कळेल: माल तेवढाच, पण मोठ्या ट्रकांऐवजी छोट्या हातगाड्यांतून आला तर रस्त्यावर गाड्यांची गर्दी जास्त होते. नुकसान करते ती गर्दी, आणि ती मोजायची टेस्ट म्हणजे अपोबी. दर कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे गाड्या थेट मोजल्या जातात. परवडत असेल तर एकदा करा, नाहीतर नॉन-एचडीएलवर काम भागतं.

एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त, पोट पुढे आणि शुगर काठावर, हे चौघे आपल्या लोकांत बहुतेक वेळा एकत्रच येतात. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि तुमचे यजमान बरोबर मध्ये उभे आहेत. पोटाची मर्यादा भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. कॅनडातल्या डॉ. सलीम युसूफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या हार्ट अटॅकचा नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सापडतो, असं त्यात दिसलं: अपोबीशी जोडलेलं चरबीचं गणित, तंबाखू, बीपी, मधुमेह, पोट, ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. त्यात तुमचे सासरे ५१व्या वर्षी गेले. वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाचा धोका वेगळ्या मापाने मोजतात. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा सगळ्या गावासाठी असते. पेशंटचे वडील कधी गेले, हे लॅबच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं.

म्हणून एक टेस्ट मी आवर्जून सांगेन: लायपोप्रोटीन-ए. एलडीएलसारखाच, पण जास्त चिकट असा हा कण आहे, आणि त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्ण आईवडिलांकडून येतं. खाण्यापिण्याने किंवा चालण्याने ते हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. ५०च्या वर (मिलिग्रॅममध्ये) आलं तर धोका वाढलेला, असं समजतात. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत ही टेस्ट प्रत्येकाने निदान एकदा करावी असं म्हटलं आहे. आकडा वाढलेला निघाला तर मुलांचीही पुढे करायची, आणि यजमानांची बाकीची पथ्यं जास्त कडक करायची. सासऱ्यांचं इतक्या लवकर जाणं कशामुळे, याचा धागा कधी कधी इथे सापडतो.

८५ टेस्टचं पॅकेज मात्र करू नका. त्यात व्हिटॅमिन डी, होमोसिस्टीन असं बरंच भरलेलं असतं. फॉलिक ॲसिडने होमोसिस्टीन खाली आणता येतं, पण त्याने अटॅक कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आलं आहे. व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांचंही तेच. उगाच ८५ आकडे हाती आले की त्यातले दोन-चार लाल दिसणारच, आणि मग खरा लाल कोणता ते कळत नाही. लायपोप्रोटीन-ए, उपाशीपोटी लिपिड (म्हणजे हेच कोलेस्टेरॉलचे आकडे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी), टीएसएच आणि लघवीतलं अल्ब्युमिन एवढं पुरे. टीएसएच अशासाठी की थायरॉइड मंद असलं की कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं, आणि मग औषध द्यायचं ते थायरॉइडला. ताप किंवा सर्दी येऊन गेल्यावर लगेच यातलं काही करू नका. दोन-चार आठवडे जाऊ द्या.

आता टीएमटी, म्हणजे धावत्या पट्ट्यावर चालवून-पळवून काढलेला ईसीजी. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असेल, साधारण सत्तर टक्के, तेव्हा पळताना हृदयाला रक्त कमी पडतं आणि ते पट्ट्यावर दिसतं. पण कितीतरी अटॅक तीस-चाळीस टक्क्यांच्या अडथळ्यावरच येतात. आतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी काही मिनिटांत बंद होते. आदल्या आठवड्यात टीएमटी नॉर्मल आणि पुढच्या आठवड्यात अटॅक, असं घडतं ते याच कारणाने. दोन वर्षांपूर्वीच्या निगेटिव्हला तर आज काहीच किंमत नाही. त्रास काही नसताना सीटी अँजिओग्राफीची घाईही नको. गोळी सुरू करावी की नाही याबद्दल डॉक्टरांचं मन द्विधा असेल तर कॅल्शियम स्कोअर नावाचा, हृदयाच्या नळ्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा साधा स्कॅन मदत करतो, तो त्यांनी सांगितला तर करा.

बीपीकडे तुमच्या पत्रात सहज बघितलंय, मला ते सगळ्यात आधी घ्यावंसं वाटतं. दवाखान्यात एकदा भरलेल्या १३८/८८वरून काही ठरत नाही. दंडाला बांधायचं मशिन आणा, मनगटाचं नको. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर, तोंडात पाऊच नाही आणि कानाला फोन नाही. दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा. सात दिवस झाले की पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्याहून वर आली तर बीपी आहे, मग दुकानाचं टेन्शन असो की नसो. वही डॉक्टरांना दाखवा, तुमच्या सांगण्यापेक्षा त्यांना ती जास्त उपयोगी पडेल.

पाऊच. “धूर तर घेत नाहीत” हे मी फार ऐकतो. तंबाखू गालात ठेवली तरी निकोटिन रक्तातच जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. तंबाखू खाणाऱ्यांत अटॅकचा धोका जास्त असतो, हे त्याच इंटरहार्टमध्येही दिसलं. बाकी सगळं पथ्य पाळून हे चालू ठेवलं तर फार काही हाती लागणार नाही. पेढीवर गिऱ्हाईक आलं की पाऊच फाडायचा, ही हाताची सवय असते, तिथे बडीशेप-लवंगेची डबी ठेवून बघा. केंद्र सरकारची तंबाखू सोडवण्याची फुकट फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही. बायकोने लावलेल्या फोनवर कोणी तंबाखू सोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तुमचं तूप. सासूबाई पूर्ण चुकलेल्या नाहीत. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, या जोडीला वरण-भातावरच्या चमचाभर तुपापेक्षा साखर, मैदा, ढिगाने भात-पोळी आणि वाढतं पोट जास्त जबाबदार असतं. एक छोटा चमचा तूप त्यांच्या पानात पडू दे, घरात शांतता राहील. मात्र रविवारी दाल-बाफले असतील आणि बाफला तुपात बुडवून वर आणखी वाटी समोर असेल, तर त्याला चमचाभर म्हणत नाहीत. तुपात निम्म्याहून जास्त चरबी संतृप्त असते आणि तिने एलडीएल वाढतं, हे खरंच आहे. बाफला महिन्यातून एखादा, तोही भाजून, वरून थोडं तूप लावून.

तेलाचा तुमचा हिशेब मला फार आवडला, कारण असं कोणी सांगत नाही. १५ किलो, पाच माणसं, पंचाहत्तर दिवस: माणशी रोज ४० ग्रॅम झालं. वीस ते पंचवीस पुरे असतं. म्हणजे डबा निदान चार महिने चालला पाहिजे, कोणतंही तेल असो. शेंगदाणा, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल यांतलं आलटून-पालटून घ्या. ऑलिव्ह ऑइलचे पैसे वाचवा आणि त्या पैशांचे बदाम-अक्रोड आणा. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं कढईतलं तेल मात्र बंदच.

आणि या चाळीस ग्रॅममध्ये शेव धरलेलीच नाही! इंदूरच्या मराठी घरात पोह्यावर शेव, उसळीवर शेव, वरणावर शेव, काही नसलं तर नुसती शेव. शंभर ग्रॅम शेवेत साधारण पस्तीस-चाळीस ग्रॅम तेल असतं. तीस ग्रॅम म्हणजे एक मूठ, त्यात दहा-बारा ग्रॅम तेल गेलं, वर मीठ वेगळं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते शेव, पापड, लोणचं आणि जिरावण मसाल्यातच संपतं. बीपीच्या माणसाने आधी इथे हात घालावा. इंदुरी पोह्यांवर माझा राग नाही. ते वाफेवर ठेवलेले असतात, तेलही बेताचं असतं. अडचण वरच्या शेवेची आणि सोबतच्या जिलेबीची. घरी करताना पोहे कमी, मटार आणि कांदा भरपूर, वर मूठभर भाजलेले दाणे आणि डाळिंब घाला, शेव चिमटीने. मुलांच्याही अंगवळणी पडेल.

सराफा सोडा असं मी सांगितलं तर यजमान पत्रच फाडतील. शनिवारचा सराफा असू दे, पण घरचं जेवण करून तिथे जायचं नाही. सराफ्यात खाल्लं तेच जेवण. गराडू (तळलेला कंद) एक प्लेट चौघांत, जिलेबी एक, रबडी पुढच्या महिन्यात. आणि उरलेल्या सहा दिवसांत रात्रीचं जेवण साडेदहावरून निदान नऊवर आणा. पेढी बंद करून घरी पोहोचायला वेळ लागत असेल तर संध्याकाळी सहाला डब्यात मूग उसळ किंवा फुटाणे द्या. साडेदहाला चार पोळ्या आणि भात जातो तो भुकेने. पोळीत निम्मं ज्वारीचं पीठ, पानात भाजी पोळीपेक्षा जास्त, दोन वेळा डाळ किंवा उसळ, रोज एक फळ. चाळीस ग्रॅमभर दाणे-बदाम चालतील, तळलेले-खारवलेले नकोत. इसबगोल, ओट्स, राजमा, भेंडी यांतला विरघळणारा चोथा एलडीएल थोडं कमी करतो. अर्जुनाची साल, लसूण, व्हॉट्सॲपवरचं आलं-लिंबाचं सरबत यांनी नळ्या साफ होत नाहीत. आवडत असेल तर घ्या, गोळीच्या जागी नको.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. स्टेडियमला जायची गरज नाही. रामबागेच्या गल्लीत जेवणानंतर पंधरा मिनिटं दोघांनी फेरी मारली तरी जेवणानंतरची शुगर खाली येते. सकाळी अर्धा तास वेगळा मिळाला तर उत्तमच. गादीवर बसून धंदा करणाऱ्याने दर तासाला उठून गोदामापर्यंत जाऊन यावं. वजन पाच-सात टक्के उतरलं की ट्रायग्लिसराइड ठळकपणे खाली येतं, पाहा तुम्ही. झोप सात तास. घोरत असतील आणि दिवसा पेंगत असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्याने बीपी वाढतं.

गोळीचं: त्यांचं वय, वडिलांचा इतिहास, तंबाखू आणि हे आकडे बघून डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुचवू शकतात, किंवा तीन महिने पथ्य पाळून पुन्हा लिपिड बघू म्हणू शकतात. दोन्ही योग्य आहे. लायपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर पारडं गोळीकडे झुकेल. मधल्या ताकदीची स्टॅटिन एलडीएल तीस ते पन्नास टक्के उतरवते, एवढं पथ्याने क्वचितच होतं. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बुरशीतून या औषधाचा पूर्वज शोधला. १९८७ पासून स्टॅटिन बाजारात आहे, तेव्हा नवं-अनोळखी औषध म्हणून घाबरू नका. शुगर किंचित वाढू शकते, काहींचे स्नायू दुखतात, ते डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलता येतं. जन्मभर का? बहुधा हो, कारण बंद केलं की आकडा पुन्हा चढतो. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळं राहत नाही. रोज ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. हृदयविकार नसलेल्या माणसात त्याने पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि फायदा अगदी थोडा.

त्या रात्रीचा सोडा तुम्ही अजून मनात धरून आहात, असं पत्रातून जाणवलं. तेव्हा घरात कोणाला कळणार होतं? पण आता ठरवून ठेवा. छातीत दाब, जळजळ, घाम, हात किंवा जबडा दुखणं, धाप, यातलं काहीही दहा-पंधरा मिनिटं थांबलं नाही तर गॅस की दुसरं काही, याचा निवाडा ईसीजी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीने होऊ दे, घरात नको. १०८ला फोन करा. ॲलर्जी किंवा अल्सर नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून द्यायची. आणि चोवीस तास अँजिओप्लास्टी होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून ठेवा. स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका.

शेवटी तुमचं. ‘माझं विशेष काही नाही’ हे वाक्य मला पटलं नाही. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह आणि हृदयविकार दोन्हींचा धोका जास्त असतो, आणि ती शुगर ‘गेली’ म्हणजे फक्त त्या वेळेपुरती गेली. तुमच्या पत्रात पाच माणसांचं तेल मोजलेलं आहे, पण तुमचा एकही आकडा नाही. बीपीचं मशिन आलं की तुमच्याही दंडाला बांधा. लिपिड, एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन एकाच दिवशी करा, कारण रक्त कमी असेल तर एचबीएवनसी चुकीचा दिसू शकतो. यजमानांसाठी लॅबचा मुलगा येईल तेव्हाच तुमचंही रक्त देऊन टाका, वेगळी तारीख ठरवली तर ती येणार नाही. दोघांचे आकडे आले की कळवा, लायपोप्रोटीन-ए आवर्जून.